आपला खासदार मंत्री झाला, पण मग आपला प्रश्न कोण विचारणार?

२९ मार्च २०२३ ला गिरीश बापट गेले आणि पुण्याची लोकसभेची जागा थेट जून २०२४ पर्यंत रिकामी राहिली. सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असा कायदा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निवडणूक आयोगाला ती घ्यायला सांगितलंही होतं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि विषय मिटला. १४ महिने खासदार नाही, आणि एरवी एक दिवस पाणी आलं नाही तर महापालिका डोक्यावर घेणारे आपण गप्प. (मीही.)

आता खासदार आहेत, मुरलीधर मोहोळ. ते सहकार आणि नागरी विमान वाहतूक खात्यांचे राज्यमंत्रीही आहेत. पुण्याला मंत्रिपद मिळालं याचा आनंद मलाही झाला. पण लोकसभेत मंत्री उत्तरं देतात, प्रश्न विचारत नाहीत. खासगी विधेयकही मांडता येत नाही, ते फक्त मंत्री नसलेल्यांसाठी. म्हणजे लोहगाव विमानतळाबद्दल सभागृहात काही विचारायचं तर आम्ही पुणेकरांनी शिरूर नाहीतर बारामतीच्या खासदारांना गाठायचं! यात मोहोळांचा दोष नाही. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं.

काही देशांत मंत्री झालं की खासदारकी सोडावी लागते. आपल्या घटनेत उलटा नियम आहे. सभागृहाबाहेरचा माणूस मंत्री झाला तर त्यानं सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहात यायचं, नाहीतर पद जातं. नॉर्वे, स्वीडनमध्ये मंत्री झालात की संसदेतली जागा तेवढ्यापुरती सोडायची, तिथे पर्यायी सदस्य बसतो. फ्रान्समध्येही १९५८ च्या घटनेपासून मंत्र्याला खासदार राहता येत नाही. तिथली गंमत अशी, की पूर्वी मंत्रिपद गेलं तरी जुनी जागा परत मिळायची नाही. मग त्या जागेवर बसलेल्या बदली खासदारालाच राजीनामा द्यायला लावून पोटनिवडणूक घडवायची, असे उद्योग चालायचे. शेवटी २००८ मध्ये घटना बदलून परतीचा रस्ता दिला.

आणि ज्यांच्याकडून आपण ही पद्धत उचलली त्या ब्रिटनमध्ये १९२६ पर्यंत काय होतं? मंत्री झालात तर जागा सोडा आणि मतदारांना पुन्हा विचारून या. १९०८ मध्ये चर्चिल असे परत विचारायला गेले आणि मँचेस्टरकरांनी त्यांना चक्क पाडलं. मग डंडीहून निवडून आले.

हे सगळं कट्ट्यावर सांगितलं तर मित्र म्हणाला, "बदली खासदार? म्हणजे बायको, मुलगा नाहीतर पुतण्या."

बरोबर आहे त्याचं. शिवाय बदली खासदारही त्याच पक्षाचा, म्हणजे व्हीपच्या (पक्षादेशाच्या) धाकातला. मंत्र्याला अडचणीत आणणारं काही विचारेल अशी आशा नको. पण विमानतळाचा साधा तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) तरी पुण्याच्या नावानं लागेल की नाही? मला तर फ्रान्ससारखं मतपत्रिकेवरच उमेदवाराखाली बदलीचं नाव छापलेलं चालेल. निदान पुतण्या कोण, ते मत देण्याआधी कळेल.