खुलासा: शेल स्क्रिप्ट नव्याने टाइप करू नका

मुंबईतल्या प्रोग्रामर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘विंडोजवर सेव्ह केलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नाही, नव्याने टाइप करा.’ शेल स्क्रिप्ट म्हणजे कमांड लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल. अडचण खरी आहे, पण नव्याने टाइप करायची गरज नाही.

विंडोजवर ओळ सहसा दोन अदृश्य चिन्हांनी संपते, आस्की या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातल्या १३ आणि १० क्रमांकांच्या. लिनक्सवर फक्त १० ने. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती चालवणाऱ्या प्रोग्रामचं, म्हणजे बॅशचं, नाव असतं; त्या ओळीतलं ते जादा १३ या नावाला चिकटतं आणि तशा नावाचा प्रोग्राम सापडत नाही. म्हणून स्क्रिप्ट समोर असूनही ‘फाइल सापडली नाही’ असा एरर येतो. माणूस बिचारा पाथ तपासत बसतो!

ओळींचे शेवट लिनक्ससारखे करणारी ‘डॉस-टू-युनिक्स’ (dos2unix) कमांड त्या स्क्रिप्टवर एकदा चालवा. कोड गिटमध्ये ठेवत असाल तर रेपोतल्या (प्रोजेक्टच्या गिट-साठ्यातल्या) गिटॲट्रिब्यूट्स (.gitattributes) या सेटिंगच्या फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ (ओळीच्या शेवटी फक्त १०) ठरवून टाका, म्हणजे अंधेरीतल्या विंडोज लॅपटॉपवरही ती बदलणार नाही. विंडोजच्या कमांड असलेल्या बॅच फाइलींना मात्र सीआरएलएफच (१३ आणि १०) ठेवा.