लग्नाळू कोंबड्यांना युक्तीच्या गोष्टी

अमेरिकेतल्या कॅन्सस-नेब्रास्काच्या माळावर प्रेअरी चिकन या रानकोंबड्यांच्या कुळात नर म्हणून जन्माला आला असाल, तर अभिनंदन! घरटं करणं, दहा-बारा अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं मादी बघते. तुम्ही फक्त नाचायचं.

मार्च ते मे, उजाडायच्या आत ठरलेल्या मैदानावर हजर व्हा. गवत खुरटंच हवं. उंच गवतात तुमची ऐट पाहणार कोण? मानेवरची लांब पिसं शिंगांसारखी उभारा, शेपूट ताठ, डोकं खाली, आणि पाय दणादणा आपटा. मग गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवून असे घुमा, की दीड किलोमीटरवर ऐकू गेलं पाहिजे. एवढं करूनही मादी जमिनीवरचं काहीबाही टिपत निघून जाईल. मनावर घेऊ नका, ती नीट बघतेय.

जागा मात्र मधलीच पटकवा. मैदानात नर कितीही असोत, बहुतेक माद्या वरतात त्या मधल्या एकदोघांनाच. तुम्हाला कडेची मिळाली? मग शेजाऱ्याशी बांधावरून भांडा. उड्या मारा, चोची मारा. वंश वाढला नाही तरी सकाळ बरी जाते.

तीक्ष्णशेपट्या चुलतभावाची (शार्प-टेल्ड ग्राउजची) नक्कल नको. त्याच्या पिशव्या जांभळ्या. तिथे सगळे पंख पसरून एकदम नाचतात आणि एकदम थिजतात. तुम्हाला एवढी शिस्त झेपायची नाही.

आता एक किरकोळ अट: नाचायला माळ लागतो. इलिनॉयमध्ये तो मका-सोयाबीनखाली गेला. 1990 च्या दशकात पन्नासही पक्षी उरले नाहीत. आपसातच सोयरिकी होऊन अंडी फुटेनाशी झाली, तेव्हा 1992 पासून मिनेसोटा, कॅन्सस, नेब्रास्काहून स्थळं आणावी लागली. (नान्नजच्या माळढोकालाही गळ्याची पिशवी फुगवून घुमता येतं. माळ कुठे गेला ते त्यालाही विचारून घ्या.)

आणि ही चढाओढच नको असेल, तर मॅसॅच्युसेट्सचं मार्थाज व्हिनयार्ड बेट बघा. तिथे तुमच्याच जातीतल्या हीथ हेनच्या शेवटच्या नराला 1929 पासून अख्खं मैदान एकट्याला होतं. ना शेजारी, ना बांध, ना नाक मुरडणारी मादी. 1932 च्या मार्चमध्ये तो शेवटचा दिसला. तेव्हापासून तिथली मधली जागासुद्धा रिकामी आहे.