उठलेल्या गावांचे गवत

कुनो राष्ट्रीय उद्यानातला चित्ता पुन्हा शेतात उतरल्याची बातमी सकाळच्या वर्तमानपत्रात होती, त्यामुळे संध्याकाळी ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघणे शक्यच नव्हते. जानेवारीचा गारठा होता. चहावाल्याने कोळशाची शेगडी ओट्याजवळ ओढून ठेवली होती आणि अण्णा आपण टिपलेली छायाचित्रे मोबाईलवर एकेकाच्या नाकासमोर धरत होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी हातभर लांबीची लेन्स घेतली. कान्हा, बांधवगड, कुनो अशा फेऱ्या करता करता जंगलाविषयीची त्यांची मते इतकी पक्की झाली आहेत की त्या मतांत माणसाला उभे राहायला जागा उरलेली नाही.

“हे पाहा,” ते म्हणाले, “कमरेइतके गवत आणि त्यात चितळांचा कळप! माणूस हलवला की जंगल असे होते. सगळा प्रश्न अतिक्रमणाचा आहे.”

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवून ते छायाचित्र जवळून पाहिले. त्यांची अर्धी नोकरी कुनोलगतच्या विजयपूर तहसिलीतल्या शाळांमध्ये झालेली आहे. “अण्णा, डाव्या बाजूला मोहाची तीन झाडे एका रांगेत उभी आहेत, ती तुम्हाला दिसली का? मोह रानात असा रांग धरून उगवत नाही. तो कोणाच्या तरी शेताचा बांध आहे. तुम्ही गावाचा फोटो काढून आणला आहे.”

माझे मत ताईंच्या बाजूचे आहे आणि ते लपवण्याचे मला कारण वाटत नाही. कुनोतली २४ गावे १९९८ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत उठवली गेली, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पण तिथली कुरणे ज्यांना निसर्गाची देणगी वाटतात, ती मुळात तिथल्या सहरिया आदिवासींनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी झाडोरा काढून, नांगरून, गुरे चारून मोकळी ठेवलेली जमीन आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. माणसे गेली, नांगर थांबला आणि शेतात गवत माजले. त्या गवतावर चितळ आले आणि चितळांच्या भरवशावर चित्ते आणले गेले. कान्ह्याच्या ज्या मैदानांवर बारशिंगा चरतो, त्यांतलीही कित्येक मैदाने उठलेल्या गावांची शिवारे आहेत. मनुष्यवस्तीचा स्पर्शच न झालेले अरण्य म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्याच्या पोटात बहुधा एखादी विहीर असते, जात्याची तळी असते, चिंचेचे झाड असते.

“आणि गाव उठवले कोणासाठी?” ताईंचा आवाज चढला. “सिंहासाठी. गीरचे सिंह यायचे होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तरी ते आले नाहीत. मग १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते आले आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा. ज्या पाहुण्यासाठी घर रिकामे केले, तो आलाच नाही. माणसांनी जाताना मागे सोडलेली गुरे मात्र त्या रानात राहिली आणि पुढे तिथेच वाढली. गुरांना तिथे राहता आले, अण्णा. गुराख्याला राहता आले नाही.”

“सिंहाचे नाव काढू नका,” तात्या मध्येच म्हणाले. “ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूरकडच्या रानात सोडले होते. ते गुरांवर पडले, पुढे माणसांवरही पडले. बाहेरून जनावर आणायचे आणि गावकऱ्याने समजून घ्यायचे, ही इथली जुनीच रीत आहे.”

अण्णांनी मग आपला हुकमी पत्ता टाकला. “आणि नेपानगर? बुऱ्हाणपूरकडे बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसे आली आणि त्यांनी उभे जंगल कापून शेते काढली. तेही निसर्गप्रेमच का?”

हा मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्थलांतर जंगल खाते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. परंतु ताईंनी दिलेले उत्तरही तितकेच खरे होते. “ती तोड थांबवा म्हणून २०२३ मध्ये बुऱ्हाणपूरच्या कलेक्टर कचेरीसमोर कोण बसले होते? तिथलेच आदिवासी. ज्याला उद्या त्याच झाडाखाली यायचे आहे, तो ते झाड राखतो. ज्याला उद्याची खात्री नाही, तो आज कुऱ्हाड चालवतो. तुम्ही दोघांनाही एकच शब्द वापरता, अतिक्रमण.”

पुण्याला नोकरी करणारा बंड्या सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, “काका, १५६४ मध्ये अकबराने नरवरच्या जंगलात रानहत्ती पकडले होते. नरवर इथून किती लांब आहे? तिथे हत्ती राहू शकत होता. मग ते जंगल गेले कुठे?”

मला राहवले नाही. मी म्हणालो, “थोडे आपल्या पूर्वजांच्या चुलीत गेले असेल. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि ती उठलीच नाही. तिचेच हे लष्कर शहर झाले. हजारो माणसे, घोडे, हत्ती, तोफखाना. एवढ्या लोकांचा स्वयंपाक वर्षानुवर्षे कोणत्या लाकडावर शिजत होता? आजूबाजूच्या उघड्याबोडक्या टेकड्या पाहताना मला नेहमी हाच प्रश्न पडतो.”

“म्हणजे आपण अतिक्रमण केले असे तुझे म्हणणे आहे?” अण्णा उसळले. “आपण शिंदे सरकारांबरोबर आलो आहोत!”

“सरकारांबरोबर आलो म्हणूनच आपल्याला कोणी पुरावा मागितला नाही,” ताई म्हणाल्या. “जंगलात राहणाऱ्यांचा जमिनीवरचा हक्क मानणारा वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. कुनोतली ती गावे तोवर उठून गेली होती.”

यानंतर तात्यांनी चंबळच्या बिहडात, म्हणजे तिथल्या घळींच्या रानात, विमानातून पेरलेल्या विलायती बाभळीची आठवण काढली. १९८० च्या दशकातले ते बी आता देशी झाडाझुडपांना जागा देत नाही आणि मूळचे अमेरिकेतले हे झाड इथे कोणाच्याच डोळ्यांत स्थलांतरित ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर बराच वेळ गेला, कारण त्या काट्यांनी तात्यांच्या स्कूटरची चाके किती वेळा फुटली याचा हिशेब त्यांना द्यायचा होता.

तेवढ्यात ताईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. आत हरभऱ्याएवढे पिवळसर, चिकट खडे होते. त्यांनी एक खडा शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकला. आधी तो फसफसला, मग पांढऱ्या धुराची एक बारीक दोरी वर आली आणि सगळ्या ओट्यावर देवघराचा वास पसरला.

“हा सालईचा डिंक. कोणती सालई कोणाच्या घरची, हे गावात ठरलेले असे. साल किती तासायची याचे मोजमाप हाताला माहीत असे, कारण झाड मेले तर पुढच्या वर्षी घरात मीठ येणार नाही. पाऊस फिरला, ज्वारी करपली, तरी डिंक, तेंदूपत्ता, मोह, चारोळी यांवर वर्ष निघत असे. जंगल जवळ होते म्हणून माणूस घरी राहत होता. नव्या जागी जमीन दिली, पण त्या जमिनीला हे सगळे लटकवून देता आले नाही. मग नवी गावे फाल्गुनात रिकामी पडू लागली. माझ्या वर्गात मोहरीच्या कापणीला आठ मुले उरत. बाकीची आईबापांमागे गेलेली असत. हजेरीपटावर मी महिनाभर एकाच अक्षराची रांग ओढत असे.”

अण्णा बराच वेळ निखाऱ्याकडे पाहत राहिले. मोबाईल त्यांनी खिशात टाकला होता. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “हा डिंक मिळतो कुठे? आमच्या घरी संध्याकाळच्या धुपासाठी फार उपयोग होईल.”

“विजयपूरच्या बाजारात एक बाई विकते. तिच्याकडूनच आणला होता. सध्या ती नाही. बटाटे काढायला आग्र्याकडे गेली आहे. होळीला परत येईल.”

“तोवर कडुनिंबाचा पाला जाळ,” तात्या म्हणाले. “अरे हो, तो कुठून आणणार? वाड्याच्या कोपऱ्यावरचा निंब तर तूच पाडलास, पहिली मारुती उभी करायला!”

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आणि तात्यांनी ती निदान तीनशे वेळा काढली असेल. तरीही आम्ही सगळे इतके हसलो की चहावाल्याने वळून पाहिले. अण्णा आधी चिडले, मग स्वतःच हसू लागले, आणि “त्या झाडावरचे कावळे गाडीवर घाण करत होते रे!” असे म्हणत त्यांनी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.