वीस हजार पदं कमी, म्हणजे वीस हजार पगार वाचले?

सध्या फिरणारा दावा असा: वित्तीय कंपनीनं पुनर्रचनेत माणसं कमी केली की त्यांचे पगार पुढच्याच तिमाहीपासून नफ्यात जमा होतात, आणि जातो तो फक्त मधल्या साहेबांचा फाफटपसारा.

आधी आकडा पाहू. जाहीर होतात ती पदं, माणसं नव्हेत. सिटीग्रुपनं जानेवारी 2024 मध्ये 20,000 पदं कमी करण्याचं सांगितलं, ते 2026 पर्यंतचं उद्दिष्ट म्हणून. अशा आकड्यांत राजीनामा किंवा निवृत्तीनंतर न भरलेल्या जागाही सहसा मोजल्या जातात.

‘पुढच्याच तिमाहीपासून’ हे तर साफ चूक. डॉइश बँकेनं जुलै 2019 मध्ये 18,000 पदं कमी करायचं ठरवलं, पुनर्रचनेचा खर्च 7.4 अब्ज युरो धरला, आणि ते वर्ष 5 अब्ज युरोहून अधिक तोट्यात गेलं. 3 महिन्यांची नोटीस आणि 9 महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई असेल, तर पहिले 12 महिने हाती काहीच लागत नाही. शिवाय आयएएस 37 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार उरलेल्यांचं प्रशिक्षण आणि नव्या प्रणालींचा खर्च पुनर्रचनेच्या तरतुदीत (आधीच हिशेबात धरलेल्या खर्चात) धरता येत नाही; तो नंतर नेहमीच्या खर्चात उगवतो. तेच काम कंत्राटावर दिलं, तर पगाराचा खर्च नुसता दुसऱ्या शीर्षाखाली जातो.

राहिला फाफटपसारा. त्यातलाच एक ‘मधला साहेब’ बऱ्याचदा चेकर, म्हणजे दुसऱ्यानं केलेली नोंद तपासून मंजूर करणारा, असतो. तो गेला, मंजुरीचे अधिकार नीट वाटले नाहीत, की नोंद करणारा आणि मंजूर करणारा एकच होतो. बेरिंग्ज या ब्रिटिश बँकेत सौदे आणि त्यांची सेटलमेंट (सौद्यांची देवाणघेवाण पुरी करणं) एकाच माणसाच्या हातात होती. 1995 मध्ये 82.7 कोटी पौंडांचा तोटा होऊन बँक बुडाली. एरवी बिघाड हळू दिसतो: सस्पेन्स खात्यातल्या, म्हणजे जुळणी न झालेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यातल्या, नोंदी 30 ऐवजी 60 दिवस पडून राहतात, आणि महिनाअखेरीला त्या न तपासता एकगठ्ठा मिटवल्या जातात. (अहवालात मात्र ‘शिल्लक शून्य’!) गेलेल्या माणसाचा लॉगिन बंद केला की त्यावर रात्री आपोआप चालणारी संगणकावरची कामंही थांबतात.

म्हणून कमी करायच्या पदांची यादी पक्की करण्याआधी प्रत्येक पदासमोर काम, त्याची वारंवारता, मंजुरीची मर्यादा आणि पर्यायी माणूस लिहायचा. जुना आणि नवा माणूस किमान एक महिनाअखेर सोबत काम करू देत. तिमाहीअखेर मिळाली तर उत्तम, कारण हिशेबांच्या काही जुळण्या तेव्हाच होतात.