मार्केट स्ट्रीट आणि आमची पेठ

सांगलीच्या पेठेचं करायचं काय हा वाद आमच्या शाळेच्या ग्रुपवर जून लागला की सुरू होतो. कुणी म्हणतं बाजार पुराच्या पट्ट्यातून उचला आणि विश्रामबागकडे न्या, कुणी म्हणतं जुनी घरं पाडून रस्ता रुंद करा, पार्किंग करा, नाहीतर गिऱ्हाईक मॉललाच जाणार. आणि मग कुणीतरी मला टॅग करून लिहितं, तुमच्या अमेरिकेत डाउनटाउन कसं चकाचक असतं ते सांग की जरा यांना. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण मी जे सांगणार ते दोन्ही बाजूंना फारसं आवडणार नाही.

मी राहतो न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगला. काचेच्या कंपनीचं गाव, वस्ती दहा-अकरा हजार, मधून शमंग नदी. इथला मार्केट स्ट्रीट म्हणजे विटांच्या दोन-तीन मजली जुन्या इमारतींची सलग रांग, खाली दुकानं, वर ऑफिसं नाहीतर राहती घरं. संध्याकाळी सहज चक्कर मारावी, ओळखीचं कुणीतरी भेटतंच, कॉफी घ्यावी, चौकातल्या घड्याळाच्या टॉवरपाशी बसावं, मग चालत पुलावरून नदीपलीकडे काचेच्या म्युझियमकडे जावं. त्या पुलावर आता गाड्या नाहीत, फक्त माणसं चालतात. मला हा रस्ता मनापासून आवडतो आणि इतकी वर्षं झाली तरी कंटाळा आलेला नाही.

पण हे सगळं आपोआप टिकलेलं नाही हो. २३ जून १९७२ ला अ‍ॅग्नेस वादळाच्या पावसाने शमंग फुगली आणि गाव बुडालं. म्युझियममध्ये पाणी ५ फूट ४ इंचांपर्यंत चढलं होतं, मार्केट स्ट्रीटवरची दुकानं चिखलात. म्हणजे २०१९ च्या ऑगस्टात आपण सांगलीत जे बघितलं तेच, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांच्याही वर, मारुती चौकात बोटी. फोनवर मामा सांगत होता की माल पोटमाळ्यावर टाकला होता, तो पण भिजला.

तेव्हा अमेरिकेत अर्बन रिन्यूअलच्या, म्हणजे शहरं नव्याने बांधण्याच्या, नावाखाली जुने मेन स्ट्रीट, म्हणजे गावातले मुख्य बाजाररस्ते, सर्रास पाडत होते. कॉर्निंगमध्येही पुरानंतर थोडा भाग नव्याने बांधला, पण मार्केट स्ट्रीट ठेवला आणि १९७४ मध्ये त्याच्या दुरुस्तीसाठी एक वेगळी संस्था काढली, काचेच्या कंपनीच्या फाउंडेशनच्या पैशावर. नॉर्मन मिंट्झ नावाच्या माणसाला नेमलं आणि त्याचं काम काय तर हा एक रस्ता! दुकानदाराला फुकट सल्ला द्यायचा, दर्शनी भाग कसा दुरुस्त करायचा, पाटी केवढी, कुठे लावायची. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, की रस्त्याला एक पूर्णवेळ माणूस दिला. पुढे १९७७ मध्ये नॅशनल ट्रस्टने, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तिथल्या संस्थेने, गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन छोट्या गावांत अशाच कामाचा प्रयोग केला, आणि १९८० पासून तो देशभर पसरला.

पाटीचं एवढं का लिहितोय, तर पन्नास-साठच्या दशकात इथल्या गावोगावच्या दुकानदारांनी मॉडर्न दिसावं म्हणून विटांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकले होते. ते काढले तर मागे कमानीच्या खिडक्या, छताखालची नक्षीची पट्टी (कॉर्निस), बरंचसं शाबूत. आता आपल्या पेठेत मान वर करून बघा, एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे) आणि फ्लेक्सच्या मागे लाकडी सज्जे, कोरलेले खांब, रंगीत काचांची तावदानं अजून आहेत. रुंदीकरणात पहिलं तेच जाणार, आणि रुंद झालेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना टू-व्हीलर लागून वर्षभरात तो परत तेवढाच उरणार, हे आपण किती गावांत बघितलंय!

आता दुसरी बाजू पण मान्य करायला हवी. कॉर्निंगच्या पाठीशी पैसेवाली कंपनी होती, सांगलीत तशी कुणी नाही. पाच लाख वस्तीच्या महापालिकेचा बाजार आणि दहा हजारांच्या गावचा रस्ता, गर्दीची तुलनाच नको. आपल्याकडे हातगाड्या आहेत, हळदीचे टेम्पो आहेत, आणि हातगाडीवाल्याला हाकलून केलेलं सुशोभीकरण मला तरी नको. पुराचं म्हणाल तर इथे नदीच्या वरच्या अंगाला टायोगा-हॅमंडची धरणं झाली, सांगलीचा प्रश्न धरणांच्या विसर्गात आणि राज्याराज्यांच्या वादात अडकलाय, त्यात मी शहाणपणा शिकवणार नाही. अमेरिकेतही शेकडो मेन स्ट्रीट बायपासवरच्या मोठ्या स्टोअर्समुळे ओस पडलेत, तासभर गाडी चालवली की काचांवर प्लायवूड ठोकलेली दुकानं दिसतात. म्हणून बाजार बाहेर न्या म्हणणाऱ्यांनी तेही बघावं.

माझं मागणं छोटं आहे. सगळी पेठ नको, मारुती चौकाजवळचे शंभर-दीडशे मीटर घ्या. पुण्यात ११ डिसेंबरला, पादचारी दिनी, लक्ष्मी रोडचा एक टप्पा दिवसभर गाड्यांना बंद ठेवून लोकांना चालू देतात, तसं दर रविवारी संध्याकाळी करून बघा. व्यापारी संघ आणि महापालिकेने मिळून एक आर्किटेक्ट तीन वर्षांसाठी पगारावर ठेवावा, दुकानदाराकडून फी न घेता त्याने पाट्या, सज्जे आणि पाणी चढलं तर माल वर कसा न्यायचा हे बघावं. त्याच्या पगारातला वाटा उचलायला परदेशातले आम्ही सांगलीकर तयार आहोत, ग्रुपवर चौघांनी तसं लिहिलंय पण. रुंदीकरणाची मार्किंग पडायच्या आत कुणीतरी हा विषय व्यापारी संघाच्या मीटिंगमध्ये काढा.