‘काचेतल्या बाळापासून आईला लांब ठेवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या भाचेसुनेला दिवस भरायच्या आधीच बाळ झालं. वजन १ किलो ४२० ग्रॅम. जन्मल्यापासून ते काचेत आहे. दुसऱ्याच दिवशी तिथल्या सिस्टरनी तिला सांगितलं, ‘ताई, आत या, हात धुवा आणि बाळाला छातीशी धरा.’ ती तीन दिवस गेली. चौथ्या दिवशी गेली नाही, कारण आदल्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. तो वाचून माझ्या वहिनीनं सुनेला सांगितलं, ‘तुझ्या अंगावरचं काही बाळाला लागायला नको, तू बाहेरच बस.’ ओली बाळंतीण दोन दिवस व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली, दूध पिळून वाटीतून आत पाठवत. मग दूध कमी यायला लागलं आणि तिनं रडत मला फोन केला, ‘आत्या, मला येतच नाहीये.’ तेव्हा कुठे मला हा प्रकार कळला.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. कुणा ‘अनुभवी डॉक्टरां’च्या नावावर खपवलेला, पण त्या डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आई आत गेली की जंतू आत जातात, म्हणून काचेतल्या बाळाला आईचा हात लागू देऊ नका. सुई टोचताना आईला बाहेर काढा, ती समोर असली की मूल जास्त रडतं. खेड्यातल्या, आदिवासी लोकांचे गंडेदोरे दारातच कापा, त्याशिवाय त्यांना शिस्त लागत नाही. आईबापांना आजाराचं काही सांगू नका, ते घाबरतात. आणि परदेशात तर नातेवाइकांना वॉर्डात पाऊलही ठेवू देत नाहीत.

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत सिस्टर होते, त्यातली बहुतेक बालविभागात. हा मेसेज सिस्टर लोकांची बाजू घेतल्यासारखा लिहिलाय, म्हणून एका सिस्टरनंच उत्तर दिलेलं बरं.

आई आत गेली की जंतू आत जातात. आमच्या घरात ज्या वाक्यानं घात केला ते हे. हे वाक्य खरं मानायचं तर जंतू फक्त आईच्या अंगावर असतात आणि आमच्या हातांवर नसतात, असं धरून चालावं लागेल. काचेतल्या बाळाला दिवसभरात कितीतरी हात लागतात. रक्त काढणाऱ्याचे, सलाईन लावणारीचे, लंगोट बदलणारीचे, एक्स-रेवाल्याचे. हेच हात थोड्या वेळापूर्वी शेजारच्या आजारी बाळाला लागलेले असतात. रुग्णालयात मुरलेले, औषधांना न जुमानणारे जंतू बाळापर्यंत पोचायची मोठी वाट हीच. आई एकाच बाळाला धरते. तिच्या त्वचेवरचे जंतू घरचे, नेहमीचे असतात आणि त्यांच्याशी लढायचं बळ तिच्याच दुधातून बाळाला मिळतं.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या पाच मोठ्या रुग्णालयांत याची रीतसर परीक्षा घेतली. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १ किलो ७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बाळं त्यात होती. आमचं बाळ याच वजनातलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे बाळांचे दोन गट केले. एका गटात बाळ जन्मल्या जन्मल्या आईच्या उघड्या छातीशी बांधलं आणि अतिदक्षता कक्षातच आईची खाट टाकली. दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे बाळ आधी वॉर्मरवर, काचेत, आणि तब्येत स्थिरावल्यावर आईजवळ. म्हणजे आई दोन्ही गटांना मिळाली, फरक होता तो सुरुवातीच्या दिवसांचा. पहिल्या गटातली बाळं कक्षात असताना रोज सरासरी १७ तास छातीशी होती, दुसऱ्या गटातली दीड तास.

२८ दिवसांत पहिल्या गटात शंभरातली १२ बाळं गेली, दुसऱ्या गटात १५.७. मेसेजवाल्यांचा सगळा भर जंतूंवर आहे, तर तेही आकडे घ्या. जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळं आईजवळच्या गटात २२.९ टक्के होती आणि लांब ठेवलेल्या गटात २७.८ टक्के. आई रात्रंदिवस कक्षात असताना संसर्ग कमी झाला. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की देखरेख समितीनं प्रयोग मध्येच थांबवायला सांगितलं, कारण उरलेल्या बाळांना आईपासून दूर ठेवणं अन्यायाचं ठरलं असतं. हे सगळं २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलंय. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली की कमी वजनाच्या बाळाला जन्मापासूनच कांगारू पद्धतीनं छातीशी ठेवा. शिवाय आपल्या केंद्र सरकारनं २०१७ सालीच नवजात कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हात धुणं, दूध पाजणं, बाळ पुसणं, धोक्याची लक्षणं ओळखणं हे सगळं आईबापांना शिकवून त्यांना आत घ्या, असं त्यात आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात हे आधी करून पाहिलं होतं. तिथे संसर्ग वाढला नाही. उलट घरी जाताना फक्त अंगावरचं दूध पिणारी बाळं वाढली.

म्हणजे माझ्या भाचेसुनेला आत बोलावणाऱ्या सिस्टर बरोबर होत्या आणि मेसेज चुकीचा. त्या दोन दिवसांत बाळाचं काय हुकलं ते वहिनीला मी समजावून सांगितलं. आईच्या छातीची ऊब, जिच्यानं श्वास नीट चालतो. आणि दूध. बाळ छातीशी असलं की पान्हा फुटतो, बाकावर बसून वाटीत पिळताना तो आटत जातो. एवढ्याशा जिवाला ते दूध औषधाइतकं लागतं.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. गर्दी वाईटच. एका खाटेभोवती आठ माणसं, कुणी खोकतंय, कुणी बाहेरची चप्पल घालून आलंय, कुणी भजी आणलीयत, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि कितीदा ओरडलेही. सर्दी, ताप, अंगावर पुरळ असलेल्या माणसानं आत जाऊच नये. पण आई म्हणजे गर्दी नव्हे. भेटायला आलेला मामा आणि बाळाची आई यांना एकाच दोरीनं हाकणं हीच या मेसेजची चूक आहे.

सुई टोचताना आईला बाहेर काढा. समोर आई असली की मूल मोठ्यानं रडतं हे खरं. ती दिसल्यावर त्याला रडायचा धीर येतो. आई गेल्यावर काही मुलं गप्प होतात आणि आम्ही त्याला ‘शहाणं बाळ’ म्हणायचो. ते भेदरून गोठलेलं असायचं. मूल आईच्या मांडीवर, तिच्या कुशीत घट्ट धरलेलं असलं की दोघींनी खाटेवर दाबून धरावं लागत नाही आणि शीर सापडायलाही सोपं जातं. तान्ह्याला टोचताना अंगावर पाजत ठेवलं तर दुखणं कमी होतं. लसीकरणासाठी जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून हेच सांगतेय.

परदेशात पाऊलही ठेवू देत नाहीत. सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट आजची म्हणून सांगितलीय. इंग्लंडमध्ये तेव्हा मुलांना भेटायच्या वेळा खरोखरच मोजक्या असत. १९५२ साली तिथल्या जेम्स रॉबर्टसन या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या समाजसेवकांनी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एकटीच ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण करून डॉक्टरांना दाखवलं, आणि १९५९ मध्ये रुग्णालयातल्या मुलांचे हाल पाहायला नेमलेल्या प्लॅट समितीनं सरकारला सांगितलं की भेटीच्या वेळांची बंधनं काढा आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्या. ते देश आपली चूक सुधारून मोकळे झाले.

आईबापांना काही सांगू नका. न सांगितलेला माणूस जास्त घाबरतो. तो मावशीला विचारतो, वॉचमनला विचारतो, शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारतो, आणि मग असे मेसेज वाचतो. यावर अधिक लिहायची गरज वाटत नाही.

गंडेदोरे दारातच कापा. यावर मात्र मला लिहायचंय, कारण हे मी केलेलं आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे मेळघाटातून, धारणी-चिखलदऱ्याकडून मुलं खाली यायची. कोरकू घरातलं दीड वर्षाचं एक पोर जुलाबानं सुकून आलं होतं. सलाईन लावायला मनगट मोकळं हवं, म्हणून मी त्याच्या हातातला काळा दोरा कात्रीनं कापला आणि केराच्या बादलीत टाकला. आईला विचारलं नाही. ती काहीतरी बोलली ते मला कळलं नाही. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, ती मुंडा कुळातली वेगळीच भाषा आहे. आम्ही मात्र मराठीच अजून मोठ्यानं बोलायचो, मोठ्यानं बोललं की समजेल म्हणून. पहाटे खाट रिकामी होती. सलाईनची नळी लोंबत होती आणि पोराला घेऊन ते निघून गेले होते. त्याचं पुढे काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

दोरा दुसऱ्या हातात बांधता आला असता. खाटेला बांधता आला असता. आईच्या हातात देऊन ‘सुई काढली की परत बांधू’ असं खुणेनं सांगता आलं असतं. एका मिनिटाचं काम होतं. पुढे मी तसंच करत राहिले. अजान द्यायला आलेल्या आजोबांना हात धुवून काचेपाशी उभं केलं, पाचवीच्या दिवशी सटवाईची सुपारी उशाऐवजी बाहेरच्या कपाटावर ठेवायला लावली, दृष्टीचं बोट गालाऐवजी तळपायाला लावायला सांगितलं. ते लोक थांबले. थांबले म्हणून उपचार पुरे झाले.

सगळ्या चाली चालवून घ्या असं मी म्हणत नाही. पोटफुगीवर तापलेल्या विळ्याचे चटके देणं हा मुलावरचा अत्याचार आहे, तिथे तडजोड नाही. तान्ह्याला मध चाटवू नका, डोळ्यांत काजळ घालू नका, नाकात तेल सोडू नका, चीक पिळून फेकू नका. हे मी ठामपणे सांगत आले. पण ज्या बाईचा दोरा तुम्ही फेकलात ती तुमचं चिकाचं ऐकणार नाही. निरुपद्रवी ते राहू दिलं की घातक ते सोडवता येतं, आणि यासाठी दोन्हींतला फरक सिस्टरला कळायला हवा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्रामला दवाखाना उभारला तो आदिवासींना विचारून. गोंड वस्तीसारख्या झोपड्या, सोबत नातेवाइकांना राहायची सोय, आणि दवाखान्याला नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. तिथे शिस्त नाही असं कुणी म्हणून दाखवावं.

आणि ज्यांना सिस्टर लोकांचा इतका कळवळा आहे त्यांनी रिकाम्या जागा भरायची मागणी करावी. रात्रपाळीला एकटी सिस्टर इतकी बाळं सांभाळते की प्रत्येक बाळापाशी ती क्षणभरच टेकू शकते. बाळाचा रंग बदलला, श्वास अडकला, हे पहिल्यांदा बघते ती छातीशी धरून बसलेली आई. मला कितीदा तरी आईनंच हाक मारून बोलावलंय.

भाचेसून परवापासून पुन्हा आत जातेय. काल वहिनीनं मला हळूच विचारलं, ‘ताई, ती जेवायला, झोपायला उठते तेव्हा मी धरलं तर चालतं का?’ चालतं. आजी चालते, मावशी चालते, बापही चालतो. त्या पाच देशांतल्या प्रयोगातही आई नसेल तेव्हा घरचंच दुसरं माणूस बाळाला छातीशी धरत होतं. अंगठी-बांगड्या काढायच्या, नखं कापायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा शर्ट घालायचा, बाळाला टोपडं आणि लंगोट तेवढा ठेवायचा, आणि सिस्टर दाखवेल तसं बांधून घ्यायचं. तास-दीड तास तरी हलवायचं नाही.

आज दुपारी बाळाला धरायची वहिनीची पहिली पाळी होती. बाळ सव्वा तास तिच्या छातीशी झोपलं. तेवढ्यात सून जेवली आणि जरा पडली. तो मेसेज घरच्या ग्रुपवरून काढायला मी भाच्याला लावलंय. तुमच्या ग्रुपवर फिरत असेल तर त्याच्या खाली हे टाका.