काच बदलायची म्हणजे गोंदाशी गाठ

गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला की न बोलावता दोन तज्ज्ञ हजर होतात. एक म्हणतो, ‘एवढासा तर आहे, चालवा तशीच.’ दुसरा म्हणतो, ‘त्यात काय, जुनी काढायची, नवी चिकटवायची.’ पहिल्याचं तोंड तडाच बंद करतो. गाडी उन्हात तापलेली असताना आत एसी सुरू केला की तो सरसर कडेपर्यंत धावतो. मला भीती वाटते ती दुसऱ्याची.

कारण ही काच नुसती वारा अडवायला बसवलेली नसते. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिचाच आधार घेते, आणि गाडी उलटली तर छताचा भार पेलायलाही ती हातभार लावते. एवढं सगळं ज्याच्या जिवावर चालतं तो म्हणजे कडेचा काळा गोंद, युरेथेन. तिथे सिलिकॉन फासणाऱ्या माणसाला मी गाडीच्या जवळ फिरकू देणार नाही.

पहिला अडथळा वायपरचा. नट सुटतो, पण दांडा गंजून असा बसलेला असतो की जागचा हलत नाही. त्याला पुलर, म्हणजे दांडा ओढून काढायचं अवजार, लावायचं, हातोडी नव्हे. काढण्याआधी वायपरची जागा काचेवर टेपने खुणावून नवीन काचेसाठी मापून ठेवायची, नाहीतर नंतर ते भलतीकडेच पुसत बसतात. वायपरखालच्या प्लास्टिक जाळीच्या क्लिपा तुटतात. तुटतातच. आधीच मागवून ठेवाव्यात. आरसा, पावसाचा सेन्सर, बाजूच्या खांबांची कव्हरं निघाली की डॅशबोर्डवर जाड चादर पसरायची. एसीच्या जाळीत गेलेला काचेचा चुरा पुढे कित्येक दिवस पंख्याबरोबर खुळखुळतो.

मग कापणी. गोंदातून तार आरपार ओवायची, एकाने आत बसायचं, एकाने बाहेर उभं राहायचं, आणि करवतीसारखं ओढायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण तार तुटते तेव्हा आधी कळवत नाही. मधली वायरिंग आणि छताचं अस्तर तारेच्या वाटेत येत नाही ना, हे आतल्याने पाहायचं.

काच निघाली की टापटिपीची हौस असलेल्या लोकांचे हात शिवशिवतात. जुना गोंद खरवडून पत्रा लख्ख करायचा मोह होतो. तो आवरा! दीड-दोन मिलिमीटरचा थर तसाच ठेवायचा, कारण नवा युरेथेन ताज्या कापलेल्या जुन्या युरेथेनला सगळ्यात घट्ट धरतो. पत्र्यावर ओरखडा पडला असेल तर तिथे प्रायमर, म्हणजे गोंदाआधी लावायचा पातळ थर, लागलाच पाहिजे. नाहीतर खाली गंज चढतो आणि गोंदाला पत्र्यावरून उचलतो.

नवीन काच आधी कोरडीच ठेवून पाहायची, आणि काच व छत यांवर आडव्या टेपच्या खुणा मारायच्या. टेप सांध्यावर कापली की पुढे दोन्ही टोकं जुळवता येतात. काचेच्या काळ्या पट्टीवर क्लीनर, मग प्रायमर. तो डबीवर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्यायचा. मध्ये बोट लावायचं नाही, घामाचा ठसाही गोंदाला नडतो.

नळीच्या टोकाला व्ही आकाराची खाच पाडली की गोंदाची त्रिकोणी वेल उभी राहते. काच बसल्यावर ती दबून पसरली पाहिजे, म्हणून फटीपेक्षा उंच हवी. मध्ये थांबलात तर नेमकी तिथूनच गळती. गोंदावर साय धरायच्या आत दोघांनी सक्शन कपांनी काच उचलून एकदाच, सरळ खाली टेकवायची. ‘जरा डावीकडे घे’ ही चर्चा खुणांच्या वेळीच उरकायची असते.

यानंतर काही न करण्याचं काम येतं, आणि ते कोणाला जमत नाही. युरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे थंड, कोरड्या हवेत त्याला उशीर लागतो. गाडी केव्हा चालवायची हे फक्त ट्यूबवरचा मजकूर ठरवतो, कोणाची घाई नव्हे. तोवर बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. बंद गाडीचं दार धाडकन लावलं की आतली हवा नवी काच बाहेर ढकलते, आणि दार हळू लावणारे पाहुणे फार थोडे. कडेची टेप एक दिवस राहू द्यायची. ‘काच अजून फुटकीच आहे का?’ असं विचारणारे भेटतील, भेटू द्या.

दुसऱ्या दिवशी पाइपने साधं पाणी सोडून आतून कोपरे तपासायचे; प्रेशरची धार नको. आणि काचेमागे गाडीला पट्ट्यांत ठेवणारा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा जुळवणं, करून घ्यायचं, कारण जागेवरून किंचित ढळलेला कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे भलतीकडेच आहेत असं समजतो आणि मोठ्या आत्मविश्वासाने स्टिअरिंग तिकडे ओढायला लागतो.